यजमानपदाची बोली: स्टेडियम बघून झालं असेल, तर आता हमीपत्र बघा

१४ ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या (आयओसी) अधिवेशनाचं उद्घाटन झालं, तेव्हा २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी भारत प्रयत्न करणार असं पंतप्रधानांनी जाहीर केलं. पुढच्या वर्षी १ ऑक्टोबरला भारतीय ऑलिम्पिक संघटनेनं इरादापत्र पाठवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली. या सगळ्या काळात आपल्याकडची चर्चा स्टेडियम किती लाखांचं आणि मेट्रो कुठपर्यंत, एवढ्यावरच फिरत राहिली. माझ्या मते कोणत्याही शहराच्या अर्जात सगळ्यात आधी वाचायचा कागद म्हणजे हमीपत्र, म्हणजे तूट आली तर ती कोण भरणार याची लेखी हमी. स्पर्धा संपल्यावर शहराच्या तिजोरीचं काय होणार, हे त्यातल्या दोन-तीन ओळींत ठरलेलं असतं.

आधी निवड कशी होते ते बघू, कारण तिथेही गैरसमज बरेच आहेत.

२०१९ पर्यंतची पद्धत सरळ होती. चार-पाच शहरं अर्ज करायची, आयओसीचे शंभरेक सदस्य गुप्त मतदान करायचे. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर सगळ्यात कमी मतांचं शहर बाद आणि पुन्हा मतदान. ज्या देशाचं शहर शर्यतीत आहे त्या देशाचे सदस्य, ते शहर बाद होईपर्यंत मत देत नसत. ६ जुलै २००५ ला सिंगापूरमध्ये २०१२ साठी झालेलं मतदान बघा. पहिली फेरी: लंडन २२, पॅरिस २१, माद्रिद २०, न्यूयॉर्क १९, मॉस्को १५. मॉस्को बाद. दुसऱ्या फेरीत माद्रिद ३२ मतांसह पहिलं, लंडन २७, पॅरिस २५, न्यूयॉर्क १६. म्हणजे माद्रिद आघाडीवर. तिसऱ्या फेरीत लंडन ३९, पॅरिस ३३, माद्रिद ३१. दुसऱ्या फेरीत सगळ्यांच्या पुढे असलेलं शहर एक मत कमी होताच बाहेर. शेवटी लंडन ५४, पॅरिस ५०. फेऱ्यांची बेरीज केली तर ९७, १००, १०३, १०४ अशी वाढत जाते, कारण बाद शहरांच्या देशांचे सदस्य मतदानात येत जातात. त्यामुळे अनुभवी बोली-पथकं पहिल्या पसंतीइतकीच मेहनत दुसऱ्या पसंतीवर घ्यायची. ‘तुमचं शहर बाद झालं तर आमचा विचार करा’ हे सांगायला माणसं वर्ष-वर्ष फिरायची.

सुरुवातीच्या फेऱ्यांचं बळ फसवं असतं हे माद्रिदला पुन्हा २००९ मध्ये कोपनहेगनमधल्या मतदानात कळलं. २०१६ साठी पहिल्या फेरीत माद्रिद २८, रिओ २६, टोकियो २२, शिकागो १८. स्वतः ओबामा जाऊनही शिकागो पहिल्याच फेरीत गारद. पुढच्या फेरीत रिओ एकदम ४६ वर, आणि अंतिम फेरीत ६६ विरुद्ध ३२. टोकियोचा हा फसलेला प्रयत्न सुमारे १५ कोटी डॉलरला पडला. हा पैसा फक्त अर्ज, सल्लागार, प्रवास आणि सादरीकरणाचा. वीटही रचलेली नाही.

ही पद्धत मोडण्याचं एक कारण भ्रष्टाचार. सॉल्ट लेक सिटीच्या बोलीत सदस्यांना आणि त्यांच्या नातेवाइकांना भेटी, शिष्यवृत्त्या, पैसे दिल्याचं १९९८ च्या अखेरीस उघड झालं आणि १९९९ मध्ये सहा सदस्यांची हकालपट्टी झाली. पण पद्धत खरी कोलमडली ती मतदारांमुळे. २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी म्युनिकच्या सार्वमतात नकार, क्राकोतही नकार, ऑस्लोची ऑक्टोबर २०१४ मध्ये माघार. उरले बीजिंग आणि अल्माटी, निकाल ४४-४०. २०२४ साठी हॅम्बुर्गमध्ये ५१.६ टक्के लोकांनी नको म्हटलं, रोमच्या महापौरांनी हात वर केले, बुडापेस्टमध्ये सार्वमताच्या मागणीसाठी अडीच लाखांहून जास्त सह्या जमल्यावर शहरानं अर्ज मागे घेतला. उरलेल्या दोघांना, पॅरिसला २०२४ आणि लॉस एंजेलिसला २०२८, एकाच बैठकीत देऊन आयओसीनं सुटका करून घेतली.

२०१९ मध्ये नियम बदलले. आता इच्छुक देश आयओसीच्या यजमान-निवड आयोगाशी कितीही काळ, कुठलीही बांधीलकी न घेता बोलू शकतात. आयोगाला एखादं शहर पटलं की कार्यकारी मंडळ त्यालाच पुढच्या, नेमक्या चर्चेसाठी बोलावतं. तिथे सविस्तर प्रश्नावली, हमीपत्रं, आराखडे तपासले जातात आणि शेवटी अधिवेशनात त्या एकाच नावावर हो किंवा नाही. ब्रिस्बेन फेब्रुवारी २०२१ मध्ये या टप्प्यावर आलं आणि जुलैमध्ये ७२ विरुद्ध ५ मतांनी निवडून आलं. जर्मनीतल्या ऱ्हाइन-रुहर भागासारख्या इतर इच्छुकांची शर्यत प्रत्यक्षात फेब्रुवारीतच संपली होती. खर्च वाचतो हे खरं. पण चुरस बंद दाराआड गेल्यामुळे शहराचे कागद नागरिकांसमोर येण्याचा मोठा प्रसंगही गेला, आणि मला ही गोष्ट गंभीर वाटते. जून २०२५ मध्ये कर्स्टी कॉव्हेंट्री अध्यक्षपदी आल्या आणि त्यांनी ही प्रक्रिया फेरविचारासाठी थांबवली, ते म्हणूनच स्वागतार्ह होतं.

आता पैशाकडे. अर्जातला खर्च तीन वेगळ्या खात्यांत असतो आणि तीनही एकत्र वाचले नाहीत तर फसगत ठरलेली. पहिलं खातं आयोजन समितीचं: तिकिटं, प्रायोजक, आयओसीकडून येणारा वाटा (पॅरिससाठी सुमारे १.७ अब्ज डॉलर) आणि त्यातून स्पर्धा चालवण्याचा खर्च. हे कागदावर जवळजवळ नेहमी जुळतं. दुसरं खातं बांधकामाचं: मैदानं, खेळाडूंचं गाव, रस्ते, रेल्वे. तिसरं सरकारी सेवांचं: पोलीस, आरोग्य, सीमाशुल्क, वाहतूक. ‘स्पर्धा नफ्यात गेली’ अशी बातमी येते तेव्हा ती बहुतेक वेळा फक्त पहिल्या खात्याची असते.

लंडननं अर्जात सार्वजनिक खर्च सुमारे २.४ अब्ज पौंड दाखवला होता. मार्च २००७ मध्ये, म्हणजे यजमानपद मिळाल्यावर दोन वर्षांच्या आत, सरकारनं ९.३ अब्जांचं अंदाजपत्रक मांडलं. हे आकडे कुठून आले ते तपासलं की धडा मिळतो. २.७ अब्ज पौंड राखीव निधी, जो अर्जात पुरेसा धरलाच नव्हता. सुमारे ८४ कोटी पौंड व्हॅट, जो अर्जात नव्हता. सुमारे ६० कोटी पौंड पोलीस आणि व्यापक सुरक्षेचे. शिवाय खासगी गुंतवणूक येईल म्हणून जी रक्कम धरली होती ती बरीचशी आलीच नाही. यात कुणी पैसे खाल्ले असा विषय नाही. अर्ज लिहिताना आकडा लहान दिसावा म्हणून ज्या ओळी गाळल्या, त्या नंतर परत आल्या. आपल्याकडच्या अर्जात जीएसटी धरलाय का, राखीव निधी किती टक्के आहे, सुरक्षेचा खर्च केंद्राचा की राज्याचा, हे प्रश्न म्हणूनच पहिल्या दिवशी विचारायचे.

खर्च फुगण्याचं मूळ कारण असं की उद्घाटनाची तारीख हलत नाही. साधा पूल लांबला तर लांबतो. इथे ठेकेदाराला माहीत असतं की तुम्हाला थांबता येणार नाही, त्यामुळे शेवटच्या दीड-दोन वर्षांत भाव तो सांगेल तो. त्यात मैदानाचं माप, सरावाच्या जागा, प्रकाशयोजना आंतरराष्ट्रीय महासंघ ठरवतात, शहर नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या मोजणीत माँट्रियल १९७६ चा खर्च ७२० टक्क्यांनी वाढला होता. ते कर्ज फिटायला २००६ साल उजाडलं.

आणि इथे हमीपत्र येतं. तूट आली तर कोण भरणार? जुन्या करारांत यजमान शहर आणि देशाची ऑलिम्पिक समिती संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असायची, म्हणजे वसुली कुणाकडूनही पूर्ण करता येई. १९८४ साठी तेहराननं माघार घेतल्यावर लॉस एंजेलिस एकटंच उरलं. शहराच्या मतदारांचा पालिकेचा पैसा वापरायला विरोध होता, त्यामुळे आयओसीला ही अट सोडावी लागली. खासगी समितीनं जुनी मैदानं आणि विद्यापीठांची वसतिगृहं वापरली आणि २२ कोटी डॉलरहून जास्त शिल्लक राहिली. समोर दुसरा अर्जदार नसणं ही शहराची सगळ्यात मोठी ताकद असते. उलट बोस्टनचे महापौर जुलै २०१५ मध्ये म्हणाले की करदात्यांना धोक्यात टाकणाऱ्या हमीवर मी सही करणार नाही, आणि त्याच दिवशी बोस्टनची उमेदवारी संपली. २०२८ साठी लॉस एंजेलिसनं पायऱ्या घातल्या आहेत: पहिली २७ कोटी डॉलरची तूट शहराची, पुढची २७ कोटी कॅलिफोर्निया राज्याची, त्यापुढची पुन्हा शहराची. निदान आकडा छापलेला आहे.

खेळाडूंच्या गावाची जोखीम वेगळी. उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये सुमारे १०,५०० खेळाडू, वर प्रशिक्षक आणि पदाधिकारी. हजारो घरं एकाच तारखेला तयार लागतात आणि स्पर्धेनंतर ती एकाच वेळी बाजारात येतात. पॅरिसमध्ये गावाची सुमारे २,८०० घरं होणार हे आधीच ठरलं होतं. त्या मानानं दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी गाव खासगी विकासकाकडून बांधून घेतलं, मंदीत त्याचा पैसा अडकला आणि २००९ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाला सुमारे ७०० कोटी रुपयांचे फ्लॅट विकत घेऊन काम चालू ठेवावं लागलं. ‘खासगी भागीदारीतून’ असं अर्जात लिहिलं असेल तर भागीदार मागे हटल्यास घेणार कोण, हे त्याखाली लिहिलेलं हवं.

राष्ट्रकुल स्पर्धेचं गणित आणखी कडक आहे, कारण तिथे मूळ संघटनेकडे यजमानाला द्यायला पैसा फारसा नसतो. २००३ मध्ये जमैकात दिल्लीनं कॅनडातल्या हॅमिल्टनला ४६-२२ असं हरवलं, त्यात सगळ्या ७२ सदस्य देश-प्रदेशांना प्रत्येकी एक लाख डॉलर प्रशिक्षणासाठी देण्याचा वाटा होता. त्यानंतर इच्छुक आटत गेले. डर्बनला २०२२ ची स्पर्धा बिनविरोध मिळाली, हमी वेळेत आल्या नाहीत म्हणून मार्च २०१७ मध्ये काढून घेतली गेली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं २०२६ ची स्पर्धा गीलाँग, बॅलरॅट, बेंडिगो अशा लहान शहरांत वाटायची ठरवली. प्रत्येक ठिकाणी नवीन गाव, तात्पुरती मैदानं, वेगळी वाहतूक आणि वेगळी सुरक्षा. २.६ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज सहा-सात अब्जांवर गेल्याचं सांगून जुलै २०२३ मध्ये सरकारनं स्पर्धाच सोडली. ३८ कोटी डॉलर भरपाई गेली ती गेलीच.

ती स्पर्धा ग्लासगोनं उचलली, पण दहाच खेळ आणि चार जागांसह. हॉकी, बॅडमिंटन, कुस्ती, क्रिकेट, टेबल टेनिस, स्क्वॉश बाहेर. म्हणजे भारताची पदकं जिथून येतात त्यातले बरेच. खेळांच्या यादीवर यजमानाचा प्रभाव असतो, आणि २०३० मध्ये आपल्या खेळाडूंसाठी अहमदाबादचा हा सगळ्यात ठोस फायदा आहे. कुस्तीसाठी घाम गाळणाऱ्या कोल्हापूर-सांगलीच्या पोरांना ही बातमी उद्घाटनाच्या आतषबाजीपेक्षा मोलाची आहे.

अहमदाबादच्या ऑलिम्पिक अर्जात मला दोन जागा नीट बघाव्याशा वाटतात. मोटेराचं १,३२,००० क्षमतेचं मैदान क्रिकेटचं आहे, त्यात धावपट्टी नाही. ॲथलेटिक्सचं स्टेडियम वेगळं लागेल आणि नंतर ते कोण वापरणार हे बांधण्याआधी ठरायला हवं. लंडननं ते उशिरा ठरवलं. आधी २५,००० आसनांपर्यंत छाटायचं म्हणून बांधलेलं स्टेडियम नंतर फुटबॉल क्लबसाठी बदलायला ३२.३ कोटी पौंड लागले.

दुसरी जागा शिडाच्या नौकांची. शहराला समुद्र नाही, पण आता स्पर्धा दुसऱ्या शहरात नेता येतात. पॅरिसनं नौका मार्सेलला आणि सर्फिंग थेट ताहितीला नेलं. आपल्याकडे साहजिकच नाव निघेल मुंबईचं किंवा गोव्याचं. पण ऑलिम्पिक सहसा जुलै-ऑगस्टमध्ये होतं, आणि पश्चिम किनाऱ्यावर ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीलाच बंदी असते. ऐन पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात हलक्या डिंगी उतरवता येणार नाहीत. तेव्हा अर्जात आपल्या किनाऱ्याचं नाव दिसलं, तर आधी तारखांचा रकाना बघायचा. तिथे ऑक्टोबरनंतरचा महिना नसेल, तर ती जागा फक्त नकाशा भरायला टाकलेली आहे.