थर वाढले आणि प्रकाशही वाढला

अंधेरीच्या एमआयडीसीतील आमच्या प्रयोगशाळेत निर्वात कक्षात काचेवर पातळ थर चढवले जातात. ऐन पावसाळ्यातल्या एका दुपारी नव्याने रुजू झालेला सहकारी स्पेक्ट्रोफोटोमीटरवरून (कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश पार जातो ते मोजणारे यंत्र) उठून माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, यंत्र बिघडलंय बहुधा.” 15 नॅनोमीटर चांदी चढवलेल्या काचेतून 550 नॅनोमीटर तरंगलांबीचा जेमतेम चाळीस टक्के प्रकाश पार जात होता, तेवढीच चांदी टायटॅनियम डायऑक्साइडच्या दोन थरांमध्ये असलेल्या नमुन्यातून मात्र ऐंशी टक्क्यांहून अधिक. त्याचा युक्तिवाद सरळ होता: प्रत्येक थराच्या पारगमनाचा, म्हणजे पार जाणाऱ्या प्रकाशाच्या हिश्श्याचा, गुणाकार करत गेले, तर तो वाढेल कसा?

कोऱ्या काचेचे मोजमाप नेहमीप्रमाणे 92 टक्के आले, म्हणजे यंत्र ठीक होते. मग फळ्यावर हिशेब मांडला. प्रकाशाची तरंग संमिश्र संख्येने लिहिली, की त्या संख्येची लांबी हा आयाम (तरंगेची उंची) आणि तिचा कोन ही कला (फेज). d जाडीचा थर ओलांडताना कलेत 2πNd/λ एवढी भर पडते; N हा त्या पदार्थाचा अपवर्तनांक, λ ही तरंगलांबी. टायटॅनियम डायऑक्साइडचा N सुमारे 2.4, म्हणजे वास्तव, त्यामुळे संख्या नुसती फिरते. चांदीचा N साधारण 0.06 + 3.6i, आणि त्यातील काल्पनिक भाग तिला आखडतो. प्रत्येक थराचा 2×2 मॅट्रिक्स लिहून गुणाकार केला, तेव्हा उघड्या चांदीसाठी पारगमन 44 टक्के आले, परावर्तन 54 आणि शोषण अवघे दोन-तीन टक्के. खरी मेख इथेच आहे. चांदी प्रकाश गिळत नाही, परत फिरवते. आणि परत फिरणाऱ्या तरंगा एकमेकींना खोडू शकतात, जे तीव्रतांच्या गुणाकारात कधीच दिसत नाही.

दोन्ही बाजूंना 35 नॅनोमीटरचे थर धरल्यावर गणित 97 टक्क्यांपर्यंत गेले. प्रत्यक्षात आकडा कमी आला, कारण इतकी पातळ चांदी सलग न बसता कणाकणांनी बसते, शिवाय काचेची मागची बाजू चार टक्के परतवते. सहकाऱ्याने चतुर्थांश तरंगलांबीचा पाठ्यपुस्तकी नियम (थराची जाडी λ/4N) लावून 57 नॅनोमीटर घेऊन पाहिले, तर हिशेबात 65 टक्केच निघाले. चांदीवरून परावर्तित होतानाच कला बरीच सरकते, म्हणून खोडणारा थर त्या नियमापेक्षा पातळ लागतो.