तुम्ही विचारलंत म्हणून: ओल्ड फॅशन्डसाठी व्हिस्की कुठली?

घरी ओल्ड फॅशन्ड हे व्हिस्कीचं कॉकटेल करायचं ठरवलेला जवळजवळ प्रत्येक जण मला हेच विचारतो. मी उलट विचारतो, बर्फ कसला आहे? लोकांना ती थट्टा वाटते.

१८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राला वाचकाने विचारलं होतं, कॉकटेल म्हणजे काय हो? संपादकांनी उत्तर छापलं: कुठलीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे थेंबांनी घालायचा कडू अर्क. पुढे बारवाले त्यात तऱ्हेतऱ्हेची लिकर, म्हणजे गोड स्वादाची दारू, ओतायला लागले, तेव्हा जुनी गिऱ्हाइकं जुन्या पद्धतीचंच मागू लागली. तेच हे ओल्ड फॅशन्ड. त्या चारांतलं पाणी आपण घरी विसरतो. मग ग्लास घसा जाळतो, आणि वर गोडमिट्टही लागतो.

हे पाणी येतं बर्फातून. ट्रेमधले चिमुकले खडे भराभर विरघळतात, पेय थंड होईस्तोवर पांचट झालेलं असतं. स्टीलच्या वाटीत रात्रभर पाणी गोठवा, एकच मोठा खडा मिळेल. काचेसारखा नितळ नसेल, नसू दे. फ्रीजरमध्ये बांगडे असतील तर मात्र वाटीवर झाकण हवं. तो वास बर्फ इमानाने धरून ठेवतो.

साखर दारूत नीट विरघळत नाही. चमचाभर साखरेवर अंगोस्तुरा बिटर्सचे दोन-तीन झटके, चमचाभर पाणी, आणि साखर विरघळेपर्यंत घोटा. पाक करून ठेवलात तरी चालेल. फक्त तार बघत बसू नका, साखर विरघळली की गॅस बंद. मग मोठा पेग म्हणजे ६० मिली व्हिस्की, वाटीतला बर्फ, आणि अर्धा मिनिट शांतपणे ढवळणं. चव घ्या. अजून जळजळतंय? आणखी ढवळा.

संत्र्याच्या सालीतलं तेल हवं, रस नको. नागपुरी संत्र्याची साल सुटी आणि पातळ, पीलरने तिची पट्टी निघत नाही. हाताने सोला, आतला पांढरा भाग सुरीने खरवडा आणि साल ग्लासवर पिळा. चेरी ठेचून घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्याकडे पीतही नाही.

आता व्हिस्की. अमेरिकन बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरते. त्यातून येणारी व्हॅनिलासारखी चव साखरेशी जुळते. राय, म्हणजे राय या धान्याची व्हिस्की, तिखट, मला जास्त आवडते. आपल्याकडच्या स्वस्त ब्लेंडमध्ये बहुतेकदा मळीचं स्पिरिट असतं, साखर पडली की चव मरते. गोव्यात होणारी पॉल जॉन छान चालते, धुराच्या वासाची सोडून.

बिटर्स नसतील तर? मग साखरही घालू नका. पेगात थंड पाणी ओता आणि प्या.