'गार्ड डॉग' सराव : सहावा आठवडा, ६० पैकी ३८ चित्रं

हाताने काढायच्या माझ्या छोट्या ॲनिमेशनच्या सरावात मागच्या नोंदीत २१ चित्रांवर थांबलो होतो, आज ३८ झाली. सहा आठवड्यांच्या मानाने आकडा लहान वाटेल, पण मधली ११ चित्रं बाद करून पुन्हा काढावी लागली. पट्ट्याने घात केला. ते पुढे सांगतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. अमेरिकन ॲनिमेटर बिल प्लिम्प्टन यांचा २००४ सालचा 'गार्ड डॉग' हा हाताने काढलेला, जेमतेम पाच मिनिटांचा लघुपट. मालकाबरोबर बागेत फिरायला निघालेलं एक गुबगुबीत कुत्रं खारीवर भुंकतं, पाखरावर भुंकतं, दोरीच्या उड्या मारणाऱ्या चिमुरडीवरही भुंकतं. त्याला त्या प्रत्येकात मालकाच्या जिवावर उठलेला वैरी दिसतो आणि त्याच्या डोक्यातलं ते भयंकर चित्र आपल्यालाही दिसतं. राखण करायच्या नादात ते जो काही गोंधळ घालतं, तो मी किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. ऑस्करचं नामांकन मिळालं, बाहुली मात्र त्या वर्षी 'रायन'ला गेली. पुढे २०११ मध्ये जगभरच्या ॲनिमेटरांनी याच लघुपटाचे शॉट वाटून घेऊन आपापल्या हाताने नव्याने काढले. माझा सराव सुचला तो तिथून. फक्त मी त्यांचा शॉट उतरवत नाहीये. कुत्रं माझं, जागा आमच्या गल्लीतली : शेवग्याखाली पडलेली वाळकी शेंग आणि तिच्यावर तुटून पडणारं कुत्रं. एकूण १० सेकंद.

प्लिम्प्टन पेन्सिलीने सगळं स्वतः काढतात, आणि कमी चित्रांत काढतात. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चौकटी, सरकतात; एकच चित्र सलग चार फ्रेम धरायचं, म्हणजे सेकंदाला सहाच चित्रं. माझ्या १० सेकंदांना ६० चित्रं पुरतात, हा हिशोब तिथला. एकट्याने घरी बसून करणाऱ्याला ही पद्धत खरोखर तारते. पण चित्र इतका वेळ डोळ्यांसमोर राहतं की त्यात ढिलाई खपत नाही.

भुंकणं मात्र चारच्या हिशोबात बसेना. तोंड उघडलेलं चित्र चार फ्रेम धरलं की भुंकल्यासारखं न वाटता जांभई दिल्यासारखं वाटायचं. शेवटी आठवडाभर रोज सकाळी शेजारच्या फाटकातलं कुत्रं बघत उभा राहिलो. माझा समज होता की कुत्रं भुंकताना पुढे झेपावतं. प्रत्यक्षात ते आधी किंचित खाली दबतं, मान आत घेतं, आणि आवाज फुटतो त्याच क्षणी पुढचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटतात. अगदी चार बोटं. अंग पुढे न जाता मागेच ढकललं जातं. कान एक ठोका उशिरा खाली येतात. आता माझं एक भुंकणं असं आहे : दबलेलं चित्र ४ फ्रेम, तोंड उघडलेली दोन चित्रं प्रत्येकी २ फ्रेम, कान पडतानाचं चित्र ४ फ्रेम. १२ फ्रेम, बरोबर अर्धा सेकंद. मोबाइलवर लावून पाहिलं तेव्हा आवाज नसतानाही भुंकणं ऐकू आलं. त्या रात्री फार आनंद झाला.

आता पट्टा. मालकाचा हात चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, कुत्रं खाली, मध्ये पट्टा. लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड असलेल्या पाटीवर, मागचं चित्र बघून पुढचं काढत गेलो आणि दर चित्रात पट्टा थोडा थोडा वाढत गेला. ११ चित्रांनंतर तो दीडपट झाला होता. चालवून पाहिलं तर रबराचा वाटत होता. उपाय घरातच सापडला : पट्ट्याच्या लांबीचा शिवणाचा दोरा कापला आणि प्रत्येक चित्रात हातापासून गळपट्ट्यापर्यंत ठेवून पाहिला. पट्टा ढिला असेल तर दोरा आपोआप झोळासारखा पडतो, तोच गिरवायचा. अंतर दोऱ्यापेक्षा जास्त भरलं, तर कुत्र्याला मागे खेचायचं. पट्टा ताणला की कुत्र्याची जिद्दही दिसते, हा त्यातला फायदा.

सध्या सर्वांत जास्त वेळ मी भुंकण्याआधीच्या नजरेला देतोय. शेंग दिसते, कुत्रं थबकतं, डोळे तिच्याकडे, मग वर मालकाकडे, पुन्हा शेंगेकडे. मूळ लघुपटात मला सर्वांत जवळचं वाटतं ते हेच, त्या कुत्र्याची मालकावरची माया. ती डोळ्यांत उतरली नाही तर उरलेला धिंगाणा पोकळ ठरेल. मालकाकडे बघतानाचं चित्र मी १२ फ्रेम धरलंय, आणि कदाचित १६ करेन.

राहिलेल्या २२ चित्रांत शेंगेचा साप होतो तो भाग आहे. त्याआधी रंगीत पेन्सिलीच्या आडव्या रेघांची चाचणी घ्यायचीय, कारण रेघा दर चित्रात हलल्या की अंगभर थरथर दिसते. कुत्र्याच्या अंगावर ती हवीच आहे, मागच्या भिंतीवर नको. म्हणून भिंत एकाच कागदावर काढून कुत्र्याचे कागद तिच्यावर ठेवून फोटो घेतोय. ट्रेसिंग पेपर फार धुरकट दिसला, उद्या पातळ बटर पेपर आणून बघतो.