आमची वाटचाल : अँबॅसिडरच्या टॅक्सीपासून एमजीएपर्यंत

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरमध्ये आमचं इंजिन बांधायचं वर्कशॉप आहे, आबांनी म्हणजे माझ्या वडिलांनी सुरू केलेलं. तेव्हा सगळं काम अँबॅसिडरचं. बोअर, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, आणि जेवढ्या लवकर होईल तेवढ्या लवकर गाडी परत द्यायची कारण टॅक्सी उभी राहिली की ड्रायव्हरचं पोट उभं राहतं. पुढं टॅक्सीवाले दुसऱ्या गाड्यांकडे वळले, २०१४ ला अँबॅसिडरचं प्रॉडक्शनच थांबलं, आणि सगळे सांगायला लागले की आता हे जुनं बास करा. आबांनी ते काम सोडलं नाही आणि जुने चांगले ब्लॉक, म्हणजे ज्यात सिलिंडर असतात तो इंजिनाचा मुख्य लोखंडी सांगाडा, भंगारात घालू दिले नाहीत. आज आमचं जे काही नाव आहे ते त्या ब्लॉकमुळं आहे.

झालं असं की सांगलीच्या एका काकांची एमजीए आमच्याकडं आली, इंग्लंडच्या एमजी कंपनीची जुनी गाडी, १५०० मॉडेल, दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार. इंजिन एकदा प्रचंड तापलेलं, ब्लॉकला वॉटर जॅकेटपासून (थंड करणारं पाणी फिरतं ती पोकळी) सिलिंडरपर्यंत तडा, आणि त्यावर आधी कुणीतरी ब्रेझिंग करून (पितळेचा सांधा मारून) ठेवलेलं तेही सुटलेलं. सिलिंडरमध्ये स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, टाकून भागेल का ते बघितलं, पण तडा फारच खाली गेला होता. काका पार खचले होते. आबा म्हणाले, "साहेब, ब्लॉक गेलाय, गाडी नाही गेली. ब्लॉक आपल्याकडं पडून आहे."

कारण अँबॅसिडरचं जुनं पेट्रोल इंजिन आणि एमजीए १५०० चं इंजिन एकाच घरातली, दोन्ही बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची बी सिरीज, दोन्ही १४८९ सीसी, बोअर (सिलिंडरची रुंदी) ७३.०२५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ८८.९. याच खानदानात पुढं १५८८, १६२२ आणि एमजीए नंतरच्या एमजीबी गाडीचं १७९८ सीसी आलं, पण स्ट्रोक सगळ्यांचा तोच राहिला, फक्त बोअर वाढत गेला. मला ही गोष्ट अजून भारी वाटते, ज्या इंजिनानं आपल्याकडं वऱ्हाडं वाहिली तेच इंग्लंडमध्ये स्पोर्ट्स कारमध्ये होतं.

सल्ले बरेच आले. एक म्हणे नंतरच्या अँबॅसिडरचं १८१७ सीसी इसुझू टाका, पाच गिअर मिळतील. मिळतील, पण माउंटिंग नवीन, गिअरबॉक्ससाठी टनेल कापा, आणि एकदा कापलेली गाडी परत तशी होत नाही. दुसरा म्हणे एमजीबीचं १८०० मागवा. हा सल्ला वाईट नव्हता. पण त्यात बघून घ्यावं लागतं, १९६४ पर्यंतचं तीन मेन बेअरिंगवालं (क्रँक ज्यांवर फिरतो ती बेअरिंग) एमजीएला सोपं बसतं, नंतरच्या पाच बेअरिंगवाल्याला बॅकप्लेट आणि फ्लायव्हीलपासून जुळवाजुळव आणि वर मेकॅनिकल टॅकोमीटरची (इंजिनाचे फेरे दाखवणारं मीटर) केबल लावायला ब्लॉकवर जागाच नाही. म्हणजे डॅशबोर्डवरचं मीटर पण बदला.

आणि नुसत्या पॉवरच्या मागं लागू नये हे एमजी कंपनीनंच दाखवून दिलंय. १९६७ ला त्यांनी एमजीबीमध्ये २९१२ सीसीचं सहा सिलिंडर बसवून एमजीसी काढली, पुढं जवळपास ९५ किलो वजन वाढलं, गाडी वळायला जड झाली आणि दोनेक वर्षांत बंदच पडली. नंतर रोव्हरचं ३५२८ सीसी व्ही८ बसवलं, ते अ‍ॅल्युमिनियमचं, चार सिलिंडरच्या लोखंडी इंजिनाच्या आसपासच्याच वजनाचं, आणि ती गाडी बॅलन्सला चांगली निघाली. म्हणून आमच्याकडं कुणी इंजिन बदलायचं विचारलं की आधी नव्या इंजिनाचं वजन विचारतो, हॉर्सपॉवर नंतर.

कागदाचा पण विषय आहे. इंजिन बदललं की आरटीओला कळवून आरसीवर नंबर चढवावा लागतो. शिवाय २०२१ च्या नियमानं ५० वर्षांवरच्या गाडीला व्हीए सिरीजचं व्हिंटेज रजिस्ट्रेशन मिळतं, पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. इसुझू टाकून तिथं कुठल्या तोंडानं जाणार.

मग अँबॅसिडरचा ब्लॉक घेतला. क्रँक, कॅमशाफ्ट, हेड, दोन एसयू कार्बोरेटर सगळं एमजीएचंच. अँबॅसिडरचे पिस्टन नाही घातले कारण त्यांचं कॉम्प्रेशन कमी, एमजीएच्या कॉम्प्रेशनचे मागवले. ऑइल गॅलरीचे प्लग काढून आतून साफ केलं (हे बरेच जण करत नाहीत आणि मग बेअरिंगला नावं ठेवतात), कॅम बेअरिंग लाइनमध्ये रीम केली, टॅपेटची फट १७ थाऊला (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) लावली. कार्बोरेटर मात्र आबांनी स्वतः लावले. रबराच्या नळीचं एक टोक कानाला, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी मग दुसऱ्याच्या, दोन्हीकडचा सुसाट आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत बसले. चहा दोनदा गार झाला. पन्हाळ्याच्या चढाला टेंपरेचरचा काटा जागचा हलला नाही आणि काका तिथंच म्हणाले, आता मुलाला पण गाडी शिकवतो.

त्यांच्या ओळखीतून पुण्या-मुंबईची कामं यायला लागली आणि आज आमचं बहुतेक काम बी सिरीजचंच आहे. चांगले ब्लॉक मात्र आता मिळेनात, वजनावर विकले जातायत. तुमच्याकडं, गावाकडच्या गोठ्यात, कुणाच्या शेडमध्ये जुन्या अँबॅसिडरचं पेट्रोल इंजिन पडलं असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी आम्हाला विचारा, आम्ही येऊन बघतो आणि भंगारापेक्षा जास्त भाव देतो.