फरिना : पीठाच्या नावाचे गाव

आज दक्षिण ऑस्ट्रेलियातील मरी गावाकडे जाताना, त्याच्या साधारण ५५ किलोमीटर अलीकडे असलेल्या फरिना या उजाड गावात आम्ही तासभर थांबणार होतो, पण अख्खी दुपार तिथेच गेली.

फरिना म्हणजे लॅटिन भाषेत पीठ. जॉर्ज गॉयडर या सर्वेक्षकाने १८६५ मध्ये नकाशावर रेघ ओढून तिच्या उत्तरेला शेतीपुरता भरवशाचा पाऊस नाही, असे स्पष्ट सांगितले होते. तरीही पुढे काही वर्षे पाऊस चांगला झाला, लोकांना ती रेघ खोटी वाटू लागली आणि गव्हाची स्वप्ने घेऊन १८७८ मध्ये हे गाव वसले. गहू काही पिकला नाही. आज उभ्या आहेत त्या दगडी भिंती आणि स्वयंसेवकांनी दुरुस्त केलेली, जमिनीखालची पावाची भट्टी.

माझे पाय खिळले ते मात्र दफनभूमीत, उंटवाल्यांच्या कबरींपाशी. इथे सगळ्यांनाच ‘अफगाण’ म्हणत असले, तरी त्यांतले अनेक जण सिंध, पंजाब आणि बलुचिस्तानातून आलेले होते, आणि १८६६ मध्ये शंभराहून अधिक उंट ज्या कराचीतून जहाजाने इकडे आले, ती कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होती. रेल्वे आणि मालमोटारी येईपर्यंत या वाळवंटातले पीठ, लोकर, तारांचे खांब सारे त्यांच्याच उंटांच्या पाठीवरून गेले. त्यांच्या कबरींशी मी बराच वेळ उभा राहिलो. वाऱ्याखेरीज कसलाही आवाज नव्हता.