मिरामारची उघडी वाट

पब्जी या ऑनलाइन गोळीबाराच्या खेळाच्या सामन्यात मिरामार हा नकाशा आला की आमच्या चमूत एकजण हमखास उसासा टाकतो, एकजण सामना सोडून जाण्याची भाषा करतो आणि मी मात्र सावरून बसतो. या खेळातले बहुतेक नकाशे मी हिंडून पाहिले आहेत. त्यांची तुलना करणारे लोक लूट, म्हणजे शस्त्रे आणि सामान, कुठे चांगली मिळते आणि कोणत्या इमारतीच्या गच्चीवरून मारा करता येतो, एवढ्यावरच थांबतात. मला त्यापेक्षा नाव असलेल्या दोन ठिकाणांच्या मधली बिननावाची जमीन कशी आहे, हे जास्त महत्त्वाचे वाटते. कारण सामन्याचा मोठा भाग आपण तिथेच काढतो. त्या कसोटीवर ज्या नकाशाला सर्वाधिक नावे ठेवली जातात तोच मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

एरँगेलबद्दल तक्रार करणे म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यांविषयी बोलण्यासारखे आहे, पण बोलायला हवे. काळ्या समुद्रातले हे काल्पनिक बेट २०१७ साली खेळाबरोबरच आले. ८ किलोमीटर लांब, तितकेच रुंद, मधोमध पोचिंकी हे गाव, दक्षिणेला दोन पुलांनी जोडलेला सोस्नोव्काचा लष्करी तळ, आणि सगळीकडे हिरवे, आश्वासक गवत. हे आश्वासन खोटे आहे. गवतात पालथे पडलेल्या माणसाला स्वतःच्या पडद्यावर आपण पुरते झाकलेलो दिसतो, पण दूरवरच्या खेळाडूच्या पडद्यावर ते गवत रेखाटलेच जात नाही, त्यामुळे त्याला आपण बोडक्या मातीवर निजलेले दिसतो. एरँगेलचा पाहुणचार असा आहे: बसायला गादी देतात आणि पाठीमागचे दार उघडे ठेवतात. पुलांविषयी तर काही सांगायलाच नको. तळावर उतरून पोटभर लूट केलेल्या प्रत्येकाला परतताना त्या पुलावर दबा धरून बसलेल्या कोणाला तरी आपले सगळे सामान सुपूर्द करावे लागले आहे.

मिरामारवर गवत जवळजवळ नाहीच. खेळाचे पहिले पूर्ण रूप डिसेंबर २०१७ मध्ये आले तेव्हा हे वाळवंट त्यासोबत दाखल झाले. आकार एरँगेलएवढाच, पण जमीन सगळी खडकाळ, चढउतारांची आणि घळींची. इथे तुम्ही उघड्यावर असता आणि आपण उघड्यावर आहोत हे तुम्हाला माहीत असते. लपायचे तर खडकामागे किंवा उताराच्या पलीकडे, आणि तिथे लपलेला माणूस दोन्ही पडद्यांवर लपलेलाच असतो. लोकांना हा नकाशा कंटाळवाणा का वाटतो ते मला कळते: अंतरे मोठी आहेत, झाडांचा आडोसा नाही आणि लांब पल्ल्याची बंदूक ज्याच्या हाती त्याचेच राज्य असते. परंतु त्या लांबीमुळेच तिथे चालण्याला अर्थ येतो.

ज्या चालीमुळे मी हे लिहायला बसलो ती काम्पो मिलितार या ईशान्य कोपऱ्यातल्या तळापासून सुरू झाली. उतरलो, लूट केली, आणि पांढरे वर्तुळ, म्हणजे जगायचे तर ज्याच्या आत पोहोचावेच लागते ती जागा, पडले ते थेट दक्षिणेला, लोस लेओनेस शहराभोवती. गाडी आसपास कुठेच नव्हती. अंतर ५ किलोमीटरच्या आसपास. शस्त्र पाठीला लावून धावले तर वेग सेकंदाला ६.३ मीटर पडतो, म्हणजे सपाटीवरही तेरा मिनिटांची धाव, आणि मिरामारवर सपाटी शोधावी लागते. क्रूस देल व्हाये हे गाव ओलांडले तेव्हा निळी भिंत, म्हणजे वर्तुळाकडे आकसत येणारी जीवघेणी सीमा, आमच्या मागे लागली होती. त्याच सुमारास कानाजवळून गोळीचा कडकडाट गेला आणि क्षणभराने दुरून बंदुकीचा दबका आवाज आला. या खेळात गोळी आवाजाच्या आधी पोहोचते. त्या दोन आवाजांत जितका खंड अधिक, तितका मारणारा लांब. खंड बराच होता. आम्ही कड्याच्या पलीकडे सरकलो आणि एका कोरड्या घळीच्या काठाने चालू लागलो.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर दुसरा चमू दिसला. तेही चौघे, तेही पायी, तेही आमच्याच दिशेला. मध्ये रुंद दरी, आडोसा कोणालाच नाही. त्यांच्यातला एक थांबला, त्याने आमच्याकडे बंदूक रोखली; मग ती खाली घेऊन तो पुन्हा धावू लागला. गोळी झाडायची तर थांबावे लागते, आणि थांबले तर मागची निळी भिंत गिळते. हा हिशेब दोन्ही बाजूंनी एकाच वेळी केला होता. त्यानंतर कितीतरी वेळ आम्ही आठजण एकाच दरीच्या दोन काठांवरून समांतर धावत राहिलो. ते चढावर मागे पडत, आम्ही खडकांमधून वाट काढताना मागे पडत असू. आमच्यातला नेहमी बडबडणारा सोबतीसुद्धा गप्प होता. पांढऱ्या रेषेच्या आत पाय पडताच मात्र दोन्हीकडून एकदमच गोळीबार सुरू झाला, आणि त्यात आमचे काय झाले ते सांगण्यासारखे नाही.

असे काही सानहोकवर घडणे शक्य नाही. जून २०१८ मध्ये आलेला हा पावसाळी जंगलाचा नकाशा ४ किलोमीटर बाजूचा आहे. खेळाडू मात्र तेच शंभर. म्हणजे मिरामारवर एका चौरस किलोमीटरमागे दीड माणूस असतो तिथे सानहोकवर सहाच्या वर असतात, आणि त्यातले निम्मे बूटकॅम्प या तळावरच उतरतात असे वाटते. जंगल सुंदर आहे, पण ते पाहायला कोणी देत नाही. काराकिन या नकाशात तर ही दाटी टोकाला जाते: २ किलोमीटर बाजू, चौसष्ट खेळाडू, आणि ज्या घरात आपण दडलो तेच जमीनदोस्त करणारा काळा झोन. गर्दीची आवड असणाऱ्यांनी तिथे जरूर जावे. मला पाच मिनिटांत दमायला होते.

विकेंडी या नकाशाचा बर्फ मला आवडतो, आणि तो मला अस्वस्थही करतो, कारण तिथे पावलांचे ठसे उमटतात. दारासमोर ताजा ठसा दिसला की पावले आत जाणारी आहेत की बाहेर येणारी, एवढे तपासल्याशिवाय दाराला हात लावण्याची सोय नाही. आपण चाललेली वाट मागे लिहिली जाते, ही कल्पना मिरामारइतकीच प्रामाणिक आहे. एरँगेलने ती घ्यायला हवी होती. तैगोत, म्हणजे १९८० च्या दशकातल्या कोरियाच्या धर्तीवर उभारलेल्या नकाशात, लवकर मेलेल्याला झुंजून परत येण्याची संधी मिळते. ती सोय अनेकांना मोठी वाटते. मला तिच्यामुळे सुरुवातीच्या चालण्यातली भीतीच निघून गेल्यासारखी वाटते.

मिरामारवर जाणाऱ्या नवख्याला सगळे एकच सल्ला देतात, की उतरताच आधी गाडी शोधावी. सल्ला बरोबर आहे आणि मी तो स्वतः पाळत नाही. गाडीचा आवाज दोन टेकड्यांपलीकडे जातो आणि दरीपलीकडचा चमू आपल्याला दिसण्याआधीच त्याला आपण ऐकू येतो. त्यामुळे गाडी मिळाली तरी ती मी वर्तुळाच्या बरीच अलीकडे सोडून देतो आणि उरलेले अंतर पायी काटतो. सोबती यावरून माझ्याशी दरवेळी भांडतात, आणि निळ्या भिंतीबाहेर त्यांचे रक्त कमी होत असते तेव्हा त्यांचे म्हणणे मला पटतेही.