कांद्याचं मूळ, दारूहळद आणि गल्लीतला दिवा

मागच्या खेपेला घरच्या सूक्ष्मदर्शकातून फोनवर टिपून मोठ्या तोऱ्यात दाखवलेलं ते सोनेरी कडं रद्द समजा. कांद्याच्या मुळाचा आडवा काप, दारूहळदीचा रंग, निळ्या एलईडीखाली झळकणारी कॅस्पॅरियन पट्टी, असं सगळं मी छातीठोकपणे लिहिलं होतं. त्यावर खानापूरच्या मास्तरांनी एकच विचारलं, "बिनरंगाचा काप कुठाय ओ?" नव्हताच. रविवारी काढला. तोही चमकला, आणि जवळजवळ तितकाच.

थोडं चमकणार हे माहीत होतं. रॉबर्ट कॅस्परी यांनी 1865 मध्ये वर्णन केलेली ही पट्टी म्हणजे पेशींच्या भिंतींमधली फट बुजवणारी लांबी, पुट्टीच म्हणा. मुळातलं पाणी भिंतीभिंतींतून आत सटकू नये म्हणून तिथं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ, भरलेलं असतं, आणि लिग्निन निळ्या उजेडात आपणहून हिरवट झळकतं. पाणी वाहून नेणाऱ्या झायलेमच्या नळ्यांचंही तेच. पण रंग लावून आणि न लावून फरकच दिसेना म्हणजे मी आठवडाभर नेमकं काय बघत होतो?

पहिला चोर फोन निघाला. ऑटोवर ठेवलेला. काप अंधुक दिसला की तो आपल्याच मनानं आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, चढवतो, शटर लांबवतो आणि दोन्ही फोटो सारखे करून देतो. आता आयएसओ 400, शटर 1 सेकंद, व्हाइट बॅलन्स लॉक. हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं, त्यावर जास्त बोलत नाही.

खरा वैताग पुढे. कोरी स्लाइड ठेवून फोटो काढला, इमेजजे या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये हिरव्या चॅनलची सरासरी घेतली तर 255 पैकी 41. जिथं काहीच नाही तिथं 41! या आकड्यानं माझे अकरा दिवस खाल्ले.

स्लाइडच काढून बघितली, 40. म्हणजे काचेचा दोष नाही. मग संशय आला उद्यमबागच्या लेथवाल्याकडून करून घेतलेल्या ॲल्युमिनियमच्या रिंगवर. काम झकास, सुतासारखं बसतं, पण आतून आरशासारखी चकचकीत. निळा उजेड तिथं आपटून थेट वर येत होता. आधी फळ्याचा काळा रंग मारला; त्यालाही तिरकस उजेडात चकाकी असते. मग खडे बाजारातून वीतभर काळी मखमल आणून आत चिकटवली. 33. नाटकाच्या लायटिंगवाल्याकडचं अंबर जेल, म्हणजे निळा उजेड अडवणारा पिवळसर कागद, एकाऐवजी दोन पदरी केलं. 29. त्याखाली काही केल्या जाईना. तिसरा पदर घातला तर काप पण विझायला लागला.

यात माझा गाढवपणा असा, की दुसऱ्याच दिवशी एलईडी बंद ठेवून एक फोटो काढला होता. त्यात 24 आले होते. दिवा बंद, तरी 24! मी वहीत लिहिलं, "सेन्सरचा नॉइज", आणि पुढे गेलो. कॅमेऱ्यावर झाकण ठेवून खात्री करायला दहा सेकंद लागली असती.

मंगळवारी रात्री पाऊस कोसळत होता आणि लाईट गेली. एलईडी पॉवर बँकेवर आहे, त्यामुळे मी तसाच बसून राहिलो. पुढचा फोटो, 8. पुन्हा काढला, 8. वीस मिनिटांनी लाईट आली, पुन्हा 29. खोलीतली ट्यूब मी नेहमी बंदच ठेवतो. पण खिडकीसमोर गल्लीतला नवीन पांढरा दिवा आहे, आणि आयपीस अन् फोनच्या अडॅप्टरमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट! झाकण ठेवून बघितलं तर सेन्सरचा स्वतःचा वाटा फक्त 3.

पेन्झियस आणि विल्सन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी 1965 च्या निबंधात अँटेनाचं 3.5 केल्विन 'जास्तीचं' तापमान मांडलं, तेव्हा आधी कबुतरांची विष्ठासुद्धा साफ करून झाली होती. त्यांच्या जास्तीच्या पाठीमागे विश्वाच्या जन्माचा उजेड निघाला. माझ्या पाठीमागे दिव्याचा खांब.

असो. फटीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, खिडकीला आईची जुनी गोधडी लावली आणि सगळं नव्यानं मोजलं. पट्टीच्या जागी बिनरंगाचा काप 31, रंगवलेला 74. झायलेममध्ये 52 आणि 81. म्हणजे वजाबाकी केली की पट्टीत दारूहळदीचे 43 आणि झायलेममध्ये 29...

थांबा. हे लिहिताना लक्षात आलं, हे सगळे जेपेग आहेत. जेपेगमध्ये फोन आकड्यांना वळण देतो, दुप्पट उजेड म्हणजे दुप्पट आकडा असं राहत नाही. अशी वजाबाकी करून काय उपयोग? रंगवलेला जास्त चमकतो एवढं पक्कं, किती ते नाही. रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरचे कच्चे आकडे ठेवणाऱ्या डीएनजी फाइलमध्ये, पुन्हा काढणार.

आणि आता वाटतं, नुसतं वजा करत बसण्यापेक्षा नको ती चमक दाबावीच. दारूहळदीतलं बर्बेरिन, म्हणजे तिचं चमकणारं पिवळं द्रव्य, आणि त्यावर नको ती चमक दाबणारा ॲनिलिन ब्लू रंग, ही जोडी 1988 मध्येच छापून आली आहे. माझ्याकडे ॲनिलिन ब्लू नाही, पण औषधाच्या दुकानातलं जांभळं जेन्शियन व्हायलेट आहे. आधी तेच पातळ करून बघतो.

दारूहळद घेणार असाल तर पूड घेऊ नका. माझ्या पहिल्या पुडीत साधी हळद मिसळलेली असावी असा दाट संशय आहे, आणि हळदपण निळ्या उजेडात पिवळीहिरवी पेटते. गणपत गल्लीत काष्ठौषधीवाल्याकडे लाकडाचे तुकडे मिळतात, ते घरी कुटायचे.

एक मात्र मनासारखं झालं. मागच्या चिऱ्याच्या भिंतीवरचं शेवाळ सहज म्हणून ठेवलं. एका पेशीच्या जाडीचं पान, आणि प्रत्येक पेशीत कडेकडेनं हरितलवकं, डाळिंबाच्या दाण्यांसारखी लाल, मागे मिट्ट काळोख. इथं रंग नको, वजाबाकी नको. आईला बोलावून दाखवलं. तिनं आयपीसमधून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "गोधडी कधी काढणार?"

ग्लासावर दोन नवे कांदे ठेवलेत. मुळं बोटभर झाली की कापायला घेतो.